ढेकूळ आणि पेलाभर पाणी

वसमतकडे कालव्याखालच्या काळ्या रानांत उन्हाळ्यात फिरलात, तर सखल कोपऱ्यात मातीवर पांढरं फूल आलेलं दिसतं. येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यानं हळद आली, ऊस आला. पण भारी जमिनीत मुरलेल्या पाण्याला निचरा नसला की ते परत वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. अशा तुकड्यात भाजीपाला करायचा म्हटलं की जो तो सांगतो, शेणखत टाका.

टाका की. पण शेणखत मीठ खात नाही. खारवट जमिनीत क्षार पाण्यात विरघळलेले असतात. चर काढून गोडं पाणी दिलं की निघून जातात. चोपण जमिनीचं दुखणं निराळं. तिथं सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसतो. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की फरशी! सोडियमला हटवायला कॅल्शियम लागतो. दुकानदार जिप्समचं पोतं दाखवतो, आणि बऱ्याचदा ते लागतंही. पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी बहुधा असतेच, फक्त विरघळत नाही. ताग किंवा ढेंचा फुलावर येताना गाडला, की कुजताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं ती विरघळून कॅल्शियम सुटू लागतो. सुटलेला सोडियम वाहून न्यायला मात्र चर हवाच.

आता माझी तक्रार. 2015 पासूनच्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात. सामू आहे, क्षारता आहे, जस्त-बोरॉनसुद्धा आहे, सोडियम नाही. सामू साडेआठच्या वर गेला की जाणकार चोपणाचा अंदाज बांधतो, पण तो अंदाजच. शिवाय योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना ठरला होता, म्हणजे कोपऱ्यातलं मीठ सरासरीत बुडालं.

घरी एक करून बघा. वाळलेलं छोटं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. काही तासांत भोवतीचं पाणी दुधाळ झालं तर चोपणाचा संशय घ्या.

मिठापुढं घेवडा, गाजर, कांदा फार नाजूक. टोमॅटो थोडा दम धरतो, बीट बराच. रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नका, ओल चढते तसं मीठ तिथंच गोळा होतं; बगलेत लावा. कोंबडखत तर जपूनच, त्यात स्वतःचंच मीठ असतं. आणि माती तपासायला द्याल तेव्हा सखल कोपऱ्यातली वेगळ्या पिशवीत बांधा, सोडियम तपासा म्हणून मुद्दाम सांगा.