निद्रा ही चैन नव्हे

पोलीस भरती, नीट किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या चिमूर तालुक्यातील एखाद्या मुलाने वा मुलीने ‘रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते’ अशी कैफियत मांडली, की वडीलधाऱ्यांचा फैसला ठरलेला असतो: मन कच्चे आहे, मोबाईल काढून घ्या, आणि १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर गावात परकीय सत्तेशी झुंजलेल्या पोरांचे स्मरण ठेवा. या पूर्वपक्षात तथ्यांश नाही असे मी म्हणणार नाही, कारण मोबाईल रात्रीचे तास गिळतो हे उघड आहे. परंतु बेचाळीसचा दाखला येथे गैरलागू आहे. ते संकट समोर उभे होते, त्याला रूप होते, आणि त्याला सामोरे जाताना सारा गाव सोबतीला होता. भरतीची जाहिरात केव्हा निघेल, तोवर वयोमर्यादा उलटेल काय, बापाने कर्ज काढून भरलेली शिकवणीची फी बुडेल काय, ही चिंता मात्र ज्याची त्याने, एकट्याने, महिनोन्महिने वाहायची असते.

दुसरा पक्ष सुशिक्षितांचा, आणि म्हणूनच अधिक दिशाभूल करणारा. चिंता हा रोग व अनिद्रा हे केवळ लक्षण, तेव्हा परीक्षा आटोपली की झोप आपोआप येईल, असे ते मानतात. वस्तुतः ही दोन्ही परस्परांची कारणे आहेत. धानाच्या बांधीवर जागलीला बसलेल्या थकल्या माणसाला पानांची सळसळही रानडुकराची चाहूल वाटू लागते. अपुऱ्या झोपेने मेंदूचे नेमके तेच होते. भयाची सूचना देणारे केंद्र अतिसंवेदनशील बनते, त्यावर विवेकाची हुकमत चालवणारा मेंदूचा पुढचा भाग दुर्बल होतो, आणि दिवसा क्षुल्लक वाटलेली शंका मध्यरात्री अरिष्टाचे रूप धारण करते. मग ‘आजही झोप आली नाही तर?’ ही नवीच चिंता अंथरुणात शिरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या प्रयोगात ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ अनिद्राग्रस्त विद्यार्थ्यांपैकी काहींच्या केवळ झोपेवर, तीही गोळ्यांवाचून, उपचार केले गेले; त्यांची झोप तर सुधारलीच, पण चिंता आणि खिन्नताही उणावली. अनिद्रा हे नुसते लक्षण असते, तर असे घडले नसते.

म्हणून माझा पक्ष असा, की इलाजाचा आरंभ झोपेपासून करावा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, बाजेवर पुस्तक घेऊन न लोळणे, झोप येत नसेल तर कूस बदलत न राहता उठून बसणे, मनातील काळज्या सायंकाळीच कागदावर उतरवणे, ही त्या उपचारपद्धतीची साधी अंगे आहेत. मात्र रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत बसून पहाटे साडेचारला सोळाशे मीटरच्या सरावासाठी मैदानावर हजर होणाऱ्या मुलाला हा उपदेश करणे व्यर्थ आहे, कारण तेरा ते अठरा वर्षांच्या शरीराला आठ ते दहा तासांची झोप लागते आणि त्याच्या वाट्याला चारही येत नाहीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर मध्यरात्रीपर्यंत भिंतींची धग उतरत नाही, हे वेगळेच.

शासनालाही झोपेच्या या टंचाईची अर्धीच जाणीव झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न उपस्थित केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे फर्मान निघाले. निर्णय स्तुत्य, परंतु वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोपेची नैसर्गिक वेळ लांबते, आणि सकाळच्या पाळीच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी खेड्यातून पहिली एसटी पकडणारे विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात. त्यांना या मुभेतून का वगळले, याचे उत्तर शिक्षण खात्याने द्यावे. तोपर्यंत अभ्यासिकेच्या चालकांनी रात्री अकरानंतर कुलूप लावण्याची आणि दारावर मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक ठळक लिहिण्याची तजवीज तरी करावी. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.