ययाति नेमका कुठे बदलतो?

धड सज्जन नाही आणि धड दुर्जनही नाही, अशा पात्राला हल्ली ‘ग्रे शेड’चे पात्र म्हणतात. असे पात्र फॅन्टसीत, म्हणजे अद्भुतकथेत, आले की लेखकापुढे एक सोपी वाट असते. शाप, वर, मंत्र हाताशी असतात, त्यामुळे माणूस बदलवण्याचे काम त्यांच्यावर ढकलता येते. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (1959) ही पौराणिक कादंबरी ही वाट बऱ्याच अंशी टाळते, म्हणून ती तपासून पाहण्याजोगी आहे.

महाभारतातली कथा परिचित आहे. शुक्राचार्यांच्या शापाने राजा ययाति अकाली म्हातारा होतो. धाकटा मुलगा पुरू आपले तारुण्य त्याला देतो. राजा हजार वर्षे सुख भोगतो आणि मग त्याला कळते की भोगाने वासना शमत नाही.

खांडेकरांनी ती हजार वर्षे काढून टाकली. त्यांचा ययाति मुलाचे तारुण्य घेतो आणि फार वेळ न जाताच पश्चात्तापाने होरपळतो. त्याआधीची घसरण मात्र ते सावकाश रंगवतात. वडील नहुष यांना मिळालेला शाप, घर सोडून गेलेला भाऊ यती, बालमैत्रीण अलकेचा मृत्यू, पत्नी देवयानीशी कधीच न जुळलेले मन आणि शेवटी मंदारसारख्या भोंदूची संगत, अशी ही उतरण आहे. प्रत्येक पायरीवर त्याच्याजवळ एक सबब असते, आणि ती सर्वस्वी खोटी नसते.

ही उतरण पाहताना समर्थ रामदासांची आठवण होते. त्यांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात, 7 ते 10 या समासांत, बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. बद्धाला आपले दोष दिसत नाहीत. मुमुक्षूला ते दिसू लागतात आणि तो ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याचे आचरण सुधारणे ही त्यापुढची, साधकाची गोष्ट.

खांडेकरांची निवेदनाची रचना या कसोटीवर उतरते. देवयानी आणि तिची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा यांच्याबरोबर ययातिही ‘मी’ म्हणून बोलतो. भोगणारा ययाति बद्ध आहे. ते सारे मागे वळून सांगणारा ययाति मुमुक्षू. वाचक दोघांना एकाच वेळी ऐकतो, म्हणून त्याचा राग येतो आणि कणवही येते.

शापाने राजाचे शरीर क्षणात बदलते, मन तसेच राहते. ते हलते, ते आपली हाव मुलाच्या सुरकुतलेल्या देहावर दिसल्यावर. अद्भुताचा हा वापर मला फार नेमका वाटतो. गिरीश कार्नाडांनी 1961 च्या आपल्या कन्नड ‘ययाति’ नाटकात हाच धक्का पुरूची पत्नी चित्रलेखा हिच्या आत्महत्येतून दिला. तिथे राजाच्या शहाणपणाची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

या तुलनेत खांडेकरांचा शेवट सौम्य आहे, आणि माझ्या मते जरा घाईचाही. तपस्वी कच मदतीला धावून येतो, पुरू वाचतो, राजाला फार काही गमवावे लागत नाही. उतरणीला जेवढी पाने मिळाली, त्या मानाने चढणीला फारच थोडी. पश्चात्ताप झालेला माणूस दुसऱ्या दिवशी देवयानीशी, शर्मिष्ठेशी आणि आपल्या प्रजेशी कसा वागतो, तो साधकाचा भाग खांडेकरांनी लिहायला हवा होता.