संसाराचा जमाखर्च : दोन पगार आणि शाळेची फी

बोईसरहून एका वाचक भगिनीचे लांबलचक पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी दोनदा बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्या स्वतः दंतवैद्य आहेत, छोटासा दवाखाना आहे. यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर. मुलगा यंदा चौथीत जाईल, मुलगी सीनिअर केजीत. दवाखान्याचा खर्च वजा जाता बाईंचे 90,000 आणि यजमानांचे 1,50,000, असे महिन्याला 2,40,000 रुपये घरात येतात. आणि तरीही बाई लिहितात, ''एप्रिल उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी पाटल्या बँकेत ठेवून फी भरली. एवढं कमावून फी परवडत नाही, हे कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते. आता ह्यांच्या डोक्यात मुलांना मुंबईच्या इंटरनॅशनल शाळेत घालायचं आहे. मी काय करू?''

आधी त्या लाजेचे बोलू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. बेताच्या मिळकतीच्या घरात बायको सरळ सांगते, ''अहो, एवढी फी आपल्याला झेपायची नाही.'' विषय तिथेच मिटतो. डॉक्टर-इंजिनीअरांच्या घरात हे वाक्य तोंडातून निघतच नाही. मग न बोलता पाटल्या जातात, कार्डावर उधारी चढते आणि शेजारणीला मात्र शाळेच्या नव्या पोहण्याच्या तलावाचे कौतुक सांगितले जाते. बाई, मिळकत मोठी असली तरी तिला काठ असतोच. तो कुठे आहे हे बघण्यात कमीपणा कसला?

बोईसरात ही तुलना जरा जास्तच टोचते, त्याचेही कारण आहे. अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले. त्याच साली अणुऊर्जा खात्याची शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या केंद्रीय विद्यालयांत खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना आधी प्रवेश असतो आणि खासगी शाळांच्या मानाने फी अगदी माफक. कॉलनीतल्या मैत्रिणीला राहायला क्वार्टर आणि मुलांना शाळा, दोन्हींची सोय. तुम्ही फ्लॅटचा हप्ता भरता आणि शाळेला बाजारभावाने फी देता. तिच्या घरात महिन्याला तुमच्याहून कमी रुपये येत असतील आणि तरी ती निवांत असेल, तर त्यात तुमचा नाकर्तेपणा नाही. तिला निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते आणि तेव्हा घर बघावे लागते, हेही तिला कधी विचारा. पगाराच्या आकड्यांची गाठ घालून दोन संसार मोजू नयेत.

आता तुमची वही उघडू. पत्रातले आकडे मी तसेच मांडते. फ्लॅटचा हप्ता 62,000, मोटारीचा 18,000. घरखर्च, बाई, वीज, पेट्रोल मिळून 55,000. गावी सासू-सासऱ्यांना 15,000. विमा आणि औषधपाणी 12,000. हे झाले 1,62,000. शाळेचे म्हणाल तर मुलाची फी वर्षाला 1,60,000, मुलीची 1,20,000, दोघांची बस 48,000, पुस्तके-गणवेश 30,000, म्हणजे वर्षाला 3,58,000. बाराने भागले तर महिन्याला सुमारे 29,800. सगळे वजा करून कागदावर दर महिन्याला 48,000 रुपये उरतात!

मग पाटल्या का गेल्या? कारण फी महिन्याला येत नाही. ती वर्षातून एक-दोनदा, वीज पडावी तशी एकदम येते, आणि तोवर ते 48,000 रुपये हॉटेल, लग्नकार्यातले आहेर, दिवाळीचा फ्रीज नि महाबळेश्वर यांच्यात विरून गेलेले असतात. आजच्या घडीला तुम्हाला फी परवडते. ती वेळेवर जमा होत नाही, एवढेच. याला औषध साधे आहे. बँकेत बारा महिन्यांची रिकरिंग ठेव उघडा, महिन्याला 30,000 रुपयांची, मार्चअखेर पुरी होईल अशी. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी हप्ता आपोआप कापला जावा. तुमच्या दवाखान्याची आवक कमी-जास्त होते, म्हणून हा हप्ता यजमानांच्या पगारातून जाऊ द्या, किराणा तुमच्याकडून. आणि पहिल्या चार-सहा महिन्यांत उरणारे पैसे दुसरीकडे न वळवता पाटल्या सोडवा. दागिना मोडायचा किंवा गहाण टाकायचा तो आजारपणात, घरावर संकट आले तर. फी दरवर्षी येणार आहे आणि पाटल्यांचा जोड एकच आहे.

आता मुंबईच्या शाळेकडे वळू. तिथली फी तुम्ही एका मुलाची वर्षाला 4,50,000 लिहिली आहे. यजमान म्हणतात, ''दोघांचे नऊ लाख, काढू कसेतरी.'' पुरुषमंडळींचे हिशेब पुष्कळदा पहिल्या वर्षापाशी थांबतात. शाळा मात्र पहिल्या वर्षी सुटत नाही. फी दरवर्षी शेकडा 10 ने वाढते असे धरा. (तुमच्या शाळेच्या गेल्या चार वर्षांच्या पावत्या काढून वाढ स्वतः पाहा, माझ्यावर विसंबू नका.) शेकडा 10 ने वाढणारी रक्कम सव्वासात वर्षांत दुप्पट होते. मुलाची चौथी ते बारावी नऊ वर्षे, त्यांची फी भरते सुमारे 61 लाख. मुलीची सीनिअर केजी ते बारावी तेरा वर्षे, तिची 1 कोटी 10 लाख. दोघांचे मिळून 1 कोटी 71 लाख रुपये. हल्लीच्या शाळेचा हिशेब याच रीतीने केला तर दोघांचे 51 लाख होतात. तेही काही थोडे नाहीत.

एवढ्यावरही मी कदाचित ''बघा बाई, जमत असेल तर'' म्हटले असते. पण तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, जाता जाता लिहिल्यासारखी : ''बोरिवलीला भाड्याने जागा घेऊन मी मुलांबरोबर राहीन, हे शनिवार-रविवार येतील, दवाखाना काही वर्षे बंद ठेवता येईल.''

ही ओळ मी तीनदा वाचली. बोईसर-पालघरकडे ही दुसरी चूल नवी नाही. डहाणूहून चर्चगेटची लोकल 2013 साली सुरू झाल्यापासून जाणे-येणे सोपे झाले हे खरे, पण रोज पहाटे मुलांना घेऊन मुंबईच्या शाळेत जाणे कुणाला झेपते? मग आईने मुलांना घेऊन तिकडे राहायचे आणि वडिलांनी इकडे डबा लावायचा. शाळेच्या माहितीपत्रकात या खर्चाचा रकाना नसतो. जागेचे भाडे 45,000 आणि दुसऱ्या चुलीचे 20,000 धरा, फीचे महिन्याला 75,000, आणि इकडचे 1,62,000 आहेतच. झाले 3,02,000. आणि घरात येणार किती? दवाखाना बंद, म्हणजे नुसते 1,50,000. अर्धेच!

पण रुपयांपेक्षाही मला खटकले ते हे, की दवाखाना बंद ठेवण्याची किंमत कुणी मांडलीच नाही. यजमानांच्या कागदावर नाही, आणि बाई, तुमच्याही नाही. ज्या दवाखान्यातून महिन्याला 90,000 रुपये येतात तो ''काही वर्षे'' बंद ठेवणे म्हणजे वर्षाला 10,80,000 रुपये सोडून देणे, नव्या शाळेच्या दोन्ही फियांहून जास्त! शिवाय दाताचा डॉक्टर माणसे विश्वासाने धरून ठेवतात. सहा महिने कुलूप दिसले की पेशंट दुसरी पायरी चढतात. पाच वर्षांनी पुन्हा पाटी लावली तर पहिल्यापासून सुरुवात, तीही चाळिशी उलटल्यावर. यजमानांची नोकरी काही वर्षे बंद ठेवून त्यांनी बोरिवलीला राहावे, असे कुणाच्या मनात तरी आले का? नाही ना? मग दवाखाना काय छंद म्हणून काढला होता? पाच वर्षांचे डॉक्टरी शिक्षण घेतलेत, तेव्हा तुमच्या आईवडिलांनीही कुठे काटकसर करून फी भरलीच असेल.

कारखान्याची नोकरी आहे, हेही ध्यानात घ्या. वसाहतीत कारखाने निघतात, विकले जातात, बंदही पडतात. अशा घरात दुसरी मिळकत हीच खरी शिल्लक असते. म्हणून माझा एक ठोकताळा आहे : दोघांपैकी कुणा एकाची मिळकत वर्षभर थांबली, तरी मुलांना शाळा बदलावी लागू नये एवढीच फी कबूल करावी. त्यासाठी एक वर्षाची फी वेगळ्या ठेवीत ठेवावी आणि तिला हात लावू नये. यजमानांचा मुदतीचा विमा वर्षाच्या मिळकतीच्या दहापट तरी आहे का ते बघा, आणि तुमचाही काढा. बायकांचा विमा काढायचे घरात सुचतच नाही.

''पण इकडे चांगले शिक्षण कुठे आहे?'' हा यजमानांचा प्रश्न तुम्ही लिहिला आहे. त्यांना सांगा, तुमच्याच जिल्ह्यात, बोर्डीला, 1945 साली ताराबाई मोडकांनी बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि पाने, बिया, शिंपले, जे आसपास मिळेल त्यातून मुलांना शिकवून दाखवले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले आणि देशभराची माणसे ते बघायला आली. एवढ्यावरून तुमच्या मुलाला बोर्डीलाच घाला असे मी म्हणत नाही. पण शाळा बघताना तलाव आणि वातानुकूलित वर्ग याआधी तीन गोष्टी विचारा : वर्गात मुले किती, शिक्षक किती वर्षे टिकतात, आणि वह्या तपासल्या जातात का. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना विचारलेत तर माहितीपत्रकापेक्षा खरे कळेल.

मुलगा दहावी होईपर्यंत आहे त्या शाळेत राहू द्या. खरी मोठी फी त्यापुढे आहे : शिकवणी, प्रवेशपरीक्षा, मग व्यवसायाचे शिक्षण, वसतिगृह. त्यासाठी आजचे उरणारे पैसे लागतील. पाटल्या सुटल्या की मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचे खाते उघडा. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावे लागते, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि दहावीनंतर किंवा अठरा वर्षे पुरी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते.

आणखी एक. फीवाढीची चिठ्ठी आली की आपण मुकाट्याने भरतो, किंवा फाटकापाशी कुरकुरतो. महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे. खासगी शाळेला पालक-शिक्षक संघ करावा लागतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात, आणि व्यवस्थापनाला नवी फी या समितीपुढे मांडावी लागते. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. जूनमध्ये शाळा उघडली की समितीसाठी आपले नाव द्या. ''मला कुठे वेळ आहे'' म्हणू नका. तुम्ही रोज दवाखान्याचा हिशेब ठेवता, शाळेचा ताळेबंद तुम्हाला नक्की वाचता येईल. प्रवेशासाठी देणगी मागणे तर 1987 च्या कायद्याने बंद आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

यजमानांपुढे हे मांडायचे कसे, असेही तुम्ही विचारले आहे. भांडणाने नाही. रविवारी चहा झाल्यावर कोऱ्या कागदावर त्यांनाच आकडे लिहायला सांगा, डावीकडे वर्ष, उजवीकडे फी, मुलगी बारावी होईपर्यंत. सर्वांत खाली दवाखान्याच्या 10,80,000 चा रकाना तुमच्या हाताने घाला. आकडे पुरुषांना लवकर पटतात, विशेषतः स्वतःच्या अक्षरातले.

पालघरच्या दुसऱ्या एका भगिनीने प्राप्तिकराचे विचारले आहे, त्यांना थोडक्यात : जुन्या पद्धतीने कर भरत असाल तर दोन मुलांच्या शिकवण्याच्या फीची वजावट मिळते, पण ती दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, भविष्यनिर्वाह निधी वगैरे सगळे धरून. देणगी, विकास निधी, बस यांची मिळत नाही. नव्या पद्धतीत ही वजावटच नाही. नवरा-बायको दोघेही जुन्या पद्धतीत असाल तर एकाने मुलाची आणि दुसऱ्याने मुलीची फी आपापल्या खात्यातून भरा आणि पावत्या वेगवेगळ्या घ्या.