६० लाखांच्या ई-कारचं नांदेड-लातूरला काय?

जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. मॉडेल वायची किंमत तेव्हा सुमारे ६० लाखांपासून पुढे होती. नांदेड-लातूरमध्ये बसून रील बघताना "आपल्याला काय त्याचं?" असं वाटणं साहजिक आहे. पण संबंध आहे, तो कसा ते बघू.

आधी मोबाईल आठवा. १९९५ मध्ये भारतात मोबाईल आला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागायचे. ज्यांना परवडलं त्यांनी मोजले, टॉवर वाढले, मग फोन आपल्या खिशात आला.

टेस्लानं हे ठरवूनच केलं. २००८ मध्ये सुमारे १ लाख डॉलरची रोडस्टर, २०१२ मध्ये मॉडेल एस आणि २०१७ मध्ये त्यांच्याहून स्वस्त मॉडेल ३. दरम्यान बॅटऱ्यांचं उत्पादन वाढलं. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार २०१० मध्ये दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली बॅटरी २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली.

भारतात मात्र वाट मधल्या गाडीनं काढली. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही सुमारे १४ लाखांपासून आली आणि २०२२ मध्ये टियागो ईव्ही साडेआठ लाखांपासून. म्हणजे महागडी गाडी नुसती आयात करून भागत नाही, उत्पादन इथं वाढावं लागतं.

मग महाग गाडीचा आपल्याला थेट फायदा कुठे? चार्जरमध्ये! बीएमडब्ल्यू असो की टियागो, फास्ट चार्जिंगचा प्लग एकच, सीसीएस२. एकासाठी लावलेला चार्जर दुसऱ्यालाही चालतो. लातूर ते पुणे तीनशे किलोमीटरहून जास्त. छोट्या बॅटरीच्या गाडीला वाटेत थांबावंच लागणार.

खरी अडचण इथंच आहे. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ई-कारवर ६ टक्के कर सुचवला होता, तो नंतर मागे घेतला गेला. ई-कारना टोलमाफी जाहीर झाली ती समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर. यातला एकही रस्ता नांदेड किंवा लातूर शहरातून जात नाही.

माझं मत सरळ आहे. महाग गाड्यांना सवलत द्या, हरकत नाही. पण त्या बदल्यात चार्जर मराठवाड्याच्या रस्त्यांवरही लागले पाहिजेत. नाहीतर गाडी स्वस्त होईल, पण आपल्या गावापर्यंत पोचणार नाही. तोवर ई-कार घ्यायचा विचार असेल, तर किंमत बघण्याआधी मोबाईलवर आपल्या रस्त्यावरचे चार्जर शोधून बघा.