पाण्याखालचा नकाशा

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात रोज एक चौकट येते. भाटघर इतके टक्के, पानशेत तितके टक्के, वरसगाव अमुक टक्के. ती वाचून आई म्हणते, "चला, यंदा पाणीकपात नाही!" पण हे टक्के काढतात तरी कसे? एवढं मोठं धरण, त्यातलं पाणी मोजायला कुणी बादली घेऊन बसतं की काय?

बादली नाही लागत. धरणावर पाण्याची उंची दाखवणारी खूणपट्टी असते. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते पाहायचं आणि तक्त्यात बघायचं. या उंचीला इतकं पाणी, त्या उंचीला तितकं. झालं काम!

खरी गोम मात्र या तक्त्यातच आहे. पाण्याचा वरचा भाग आपल्याला दिसतो, तळ दिसत नाही. आणि तळ काही एका जागी स्वस्थ बसत नाही, तो हळूहळू वर येतो!

भोरजवळचं भाटघर धरण घ्या. वेळवंडी नदीवर ब्रिटिश अमदानीत, १९२० च्या दशकात ते बांधून झालं. त्यात साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे पाणी नीरा नदीतून खाली वीरला जातं आणि तिथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतांपर्यंत पोचतं. वेल्ह्याकडच्या पानशेत आणि वरसगावचं पाणी पुण्याच्या नळांना येतं. म्हणजे या डोंगरांतल्या धरणांचा तळ वर आला, तर झळ पार लांबच्या माणसांना बसणार.

तळ वर येतो कशानं? गाळानं. राजगड-तोरण्याच्या भागात पाऊस धो धो पडतो. उतार तीव्र. भाताच्या खाचराचा बांध फुटला, डोंगरावरची झाडी तुटली, की माती ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात. नदी पळत असते तोवर माती तिच्याबरोबर पळते. धरणाच्या संथ पाण्यात शिरली की नदीचा जोर संपतो. मग जाड वाळू आणि गोटे आधी, अगदी फुगवट्याच्या टोकालाच खाली बसतात. बारीक माती पुढे भिंतीपर्यंत जाते. कोकणात खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे तयार होतात ना, तेही असेच. प्रवाहाचा जोर कमी झाला की वाळू बसते. फक्त तिथे लाटा आणि भरती-ओहोटी त्या वाळूला सारखं इकडून तिकडे हलवतात. म्हणून कालची वाट आज होडीला मिळेलच असं नाही.

एक हिशोब करू. समजा, एक चौरस किलोमीटर तळावर फक्त १० सेंटिमीटर गाळ साचला. तुमच्या वहीच्या रुंदीपेक्षाही कमी! तेवढ्यानं १ लाख घनमीटर जागा गेली. म्हणजे १० कोटी लिटर पाणी. माणशी रोज १०० लिटर धरलं, तर अडीच हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पुरून उरेल इतकं.

मग तळ मोजायचा कसा? उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काही भाग उघडाच पडतो. भाटघरच्या पाण्यात कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने बुडालेलं असतं आणि मे महिन्याच्या सुमाराला बाहेर येतं. असा कोरडा पडलेला भाग जमिनीवरून मोजता येतो. उपग्रहाच्या चित्रांवरूनही पाण्याचा काठ कुठवर आहे ते समजतं. पण जिथलं पाणी कधीच आटत नाही, तिथे होडीच हवी.

जुनी रीत अगदी साधी. होडीत तिघं जण. एक वल्हवणारा, एक दोर सोडणारा, एक लिहिणारा. दोराला खुणा केलेल्या आणि टोकाला शिशाचा जड गोळा. गोळा टेकला की दोर ताठ ओढायचा आणि आकडा वाचायचा. दोर तिरका झाला तर खोली उगाच जास्त भरते. कोळी लोक अशी खोली वावेत मोजत. दोन्ही हात पसरले की एक वाव! समुद्रावरचे खलाशी गोळ्याच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. तिला चिकटून तळाची वाळू किंवा चिखल वर येई. म्हणजे खोलीही कळली आणि तळ कसला तेही कळलं.

होडी सरळ रेषेत न्यायची कशी? काठावर एकामागे एक दोन काठ्या रोवायच्या. त्या एकीमागे एक झाकलेल्या दिसतायत, तोवर आपण रेषेवर आहोत. आता हे काम उपग्रहाच्या मदतीनं जागा सांगणारं जीपीएस करतं आणि दोराचं काम ध्वनी करतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. तळावर आपटून तो ०.०२ सेकंदात परत आला, तर खोली किती? जाऊन येऊन ३० मीटर, म्हणून खोली १५ मीटर.

आणखी एक मेख. धरणाची पातळी रोज बदलते. आज १५ मीटर भरलेली जागा पाणी २ मीटर उतरल्यावर १३ भरेल. म्हणून प्रत्येक मापाबरोबर त्या दिवसाची पाण्याची पातळीही लिहावीच लागते. पातळीतून खोली वजा केली की तळाची खरी उंची मिळते. समुद्रात भरती-ओहोटीमुळे हा हिशोब तासातासाला करावा लागतो.

आता घरी करून पाहा. मोठ्या घमेल्यात ताईला किंवा दादाला ओल्या मातीची दरी करायला सांगा. त्यात नदीचा एक खोल चरही हवा. तुम्ही बघायचं नाही! वर गढूळ पाणी भरा. काठावर पातळीची खूण करा. घमेल्यावर दर ५ सेंटिमीटरवर आडवे-उभे दोरे बांधा. जिथे दोरे एकमेकांना छेदतात, तिथे नट बांधलेला धागा सोडून खोली मोजा आणि आलेखाच्या कागदावर लिहा. सारख्या आकड्यांचे ठिपके जोडा. तयार झाला पाण्याखालचा नकाशा! मग पाणी काढून ताडून बघा. बहुतेकांचा चर निसटलेला असेल, कारण तो दोन दोऱ्यांच्या मधून गेला. जिथे माप टाकलं तिथलंच कळतं, मधलं नाही.

ही गोष्ट खेळापुरती नाही, बरं का. धरण होण्याआधी तिथे नदी होती, शेतं होती, विहिरी होत्या. काठावर गुडघाभर पाणी असतं आणि पुढच्याच पावलाला जुना चर लागतो. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच दिवशी पाच जणी बुडून गेल्या. धरणाच्या काठी सहलीला गेलात तर पाण्यात उतरू नका. तुमच्या आई-बाबांनीही उतरू नये. मोजणी करणारे लोक परवानगी काढून, अंगात तरंगणारी जाकिटं घालून जातात.

आणि गाळाचं काय? तो शेतात टाकला तर सोनंच. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. धरणातला गाळ शेतात न्यायचा, अशी ती कल्पना. पण माती डोंगरावरच राहिली तर सगळ्यात उत्तम. खाचराचा एक बांध नीट ठेवणारा भोर-वेल्ह्याचा शेतकरी बारामतीच्या कुणाचं तरी पाणी वाचवत असतो. दोघांची ओळखही नसते!

जाता जाता एक गणित. ध्वनी ०.०३२ सेकंदात परत आला. त्या दिवशी पाण्याची पातळी ६२० मीटर होती. तर तळाची उंची किती? उत्तर पुढच्या अंकात. तोवर तुमच्या घमेल्याचा नकाशा मात्र काढून ठेवा!