राजमर्जी व राजसेवक

अकबर बादशहाचा मुत्सद्दी व ‘अकबरनामा’कार अबुल फजल याचे वास्तव्य काही काळ आपल्या जालन्यास होते, हे येथील फार थोड्यांस ठाऊक असेल. १५७४ साली दरबारी आलेल्या या विद्वानाने बादशहाच्या सहिष्णु धोरणास शास्त्राचा आधार दिला. पुढे शहाजादा सलीम याच्या कागाळ्यांनी बादशहाची मर्जी उतरली आणि १५९९ साली त्याची रवानगी दक्षिणेत झाली. त्याच वर्षी शहाजादा मुराद पूर्णाकाठी वारला. मोहिमेचा भार याने वाहिला. नाव कामगिरीचे होते, पण फळ मात्र दरबारापासून दुरावण्याचे. १६०२ साली बादशहाने परत बोलाविले असता, सलीमच्या चिथावणीने वीरसिंह बुंदेल्याने त्यास वाटेतच मारिले. १६०५ साली तोच सलीम तख्तावर बसला. मग दाद मागावी कोणापाशी?

दोन शतकांनी रशियातही हेच घडले. खेड्यातील धर्मोपदेशकाचा पुत्र स्पेरान्स्की हा झार अलेक्झांडरचा उजवा हात झाला. १८१२ साली चहाडखोरांच्या कुजबुजीवरून, चौकशीवाचून हद्दपार झाला. १८२१ साली राजधानीस परतल्यावर त्याने साम्राज्याचे सारे कायदे संकलित केले. परंतु झारच्या लहरीस लगाम घालील असे कलम त्यांत नव्हते!

सारी पुंजी एकाच पेढीवर ठेवू नये, हे व्यापारी वाचकांस सांगणे नलगे. राजसेवकाची सुरक्षितताही एका माणसाच्या मर्जीवर ठेवू नये. आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमान्वये, काही अपवाद वगळता, आरोप कळविल्यावाचून व म्हणणे ऐकल्यावाचून सरकारी नोकरास बडतर्फ करता येत नाही. बदलीस मात्र हे कलम लागू नाही. ती उणीव भरण्यास महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा कायदा आहे: मुदत साधारणतः ३ वर्षांची, तीपूर्वी हलवावयाचे तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी. अर्थात अपवादाची ही वाट नित्याचा हमरस्ता बनली, तर कायदा कागदावरच राहील.

आणि दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा आहे काय? अडचणीचा अधिकारी हलवावा म्हणून पुढाऱ्याचा उंबरठा झिजविणारे आपल्यातीलच असतात. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार असल्यास ती लेखी करावी, पुराव्यानिशी करावी, व त्यासही उत्तर देण्याची संधी मिळू द्यावी. कानात सांगून जे साधते, ते उद्या आपल्याविरुद्धही साधेल, हे नागरिकांनी विसरू नये.