कण्याचे गणित आणि शासनाचे कर्तव्य

दिल्लीच्या ‘एम्स’ची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ पासून हरियाणातील झज्जर जिल्ह्यात कार्यरत आहे. दूरच्या गावाहून रेल्वेने राजधानीत उपचारासाठी येणाऱ्या रुग्णापुढे प्रश्न केवळ गाठीचा नसतो. स्तन, प्रोस्टेट वा फुप्फुसाचा कर्करोग अनेकदा मणक्यांत पसरतो. पोखरलेला मणका खचून मज्जारज्जू दाबला गेला, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. अशा वेळी सारे कुटुंबच अंथरुणाला खिळते.

कोणता मणका खचेल, हे आधी कसे ओळखावे? २०१० मध्ये तज्ज्ञांनी ‘सिन्स’ ही अठरा गुणांची पद्धत सुचवली. सहापर्यंत गुण असल्यास कणा स्थिर, तेरा वा अधिक असल्यास अस्थिर मानला जातो. सात ते बारा गुणांच्या रुग्णांबाबत मात्र संदिग्धता उरते.

तेथे संगणकीय प्रतिकृती साहाय्यभूत ठरू शकते. सीटी स्कॅनमधील घनतेवरून मणक्याचे त्रिमितीय प्रारूप रचले जाते, त्याचे असंख्य सूक्ष्म घटक पाडले जातात आणि त्यावर आभासी भार देऊन तो कोठे मोडेल, हे पाहिले जाते. या पद्धतीला १९६० मध्ये रे क्लफ या अभियंत्याने नाव दिले. विमानांचे पंख आणि धरणांच्या भिंती तपासणारे हे गणित आता मानवी हाडापर्यंत पोहोचले आहे.

तथापि सावधगिरी आवश्यक आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगात हाड स्कॅनवर अधिक दाट दिसते. परंतु दाट म्हणजे बळकट नव्हे. परदेशी रुग्णांवर बेतलेली प्रारूपे भारतीय कण्याला जशीच्या तशी लागू पडतील, हेही गृहीत धरता येणार नाही.

म्हणून २०१२ पासून देशभरातील रुग्णालयांना जोडणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने रुग्णांच्या संमतीने स्कॅनचा सामायिक संग्रह उभारावा व तांत्रिक संस्थांनी त्यावर ही प्रारूपे पारखावीत. बहुतेक रुग्णांचे स्कॅन उपचारांच्या ओघात झालेलेच असतात. त्यामुळे नव्या तपासणीचा भार फारसा पडणार नाही. मात्र एक मर्यादा प्रारंभीच लेखी आखावी. संगणकाचा आकडा हा वैद्याला दिलेला सल्ला असेल, उपचार वा विमा नाकारण्याचा आधार नव्हे. प्रशासनात दीर्घकाळ वावरल्यामुळे मी जाणतो, की फायलीत शिरलेला आकडा लवकरच आदेश होतो आणि त्यामागचा माणूस दिसेनासा होतो.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)